मंडपरूपी गृह

सकाळी साडेपाचला पप्पांची कूस बदलावी लागते. डावी बाजू गेल्यामुळे त्यांना आपलं आपण वळता येत नाही, आणि रात्रभर एकाच अंगावर राहिले की कमरेखालची कातडी लाल होते. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, लाली दिसली की जखम दूर नाही. म्हणून रात्री दोनला मी उठते, पहाटे माझे मिस्टर. मग चादर, मग अंग पुसणं, मग नाचणीची पातळ पेज, तीही चमच्याचमच्याने, कारण घाई केली की ठसका लागतो. आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे चादरी कधी धुवायच्या ते नळ ठरवतो. साडेसातला मला शाळेत निघायचं असतं. तीन वर्षं झाली, असंच चाललंय.

हे आधीच सांगून टाकते, कारण सार्वकालिक, म्हणजे अनंतकाळाच्या, दृष्टीबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते या खोलीत, या पलंगाशेजारी बसून सुचलेलं आहे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये 'सार्वकालिक' हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकतो. संडे स्कूलमध्ये पाठ केलेल्या पहिल्या वचनात तो असतो, आणि कब्रस्तानात माती टाकताना पाळकसाहेबांच्या तोंडीही तोच असतो. मधल्या साठ-सत्तर वर्षांत त्याचं काय करायचं, हे मात्र फार कमी वेळा कुणी सांगतं.

पप्पा आजारी पडल्यावर पहिल्या महिन्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांतल्या एका भगिनीने माझा हात धरून म्हटलं, "ताई, हे सगळं तात्कालिक आहे. हलकं आहे. वर बघा." बाई मनापासून बोलत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण माझ्या दुसऱ्या हातात तेव्हा भिजलेल्या चादरीचा बोळा होता आणि मला एवढा राग आला की मी नुसतीच मान हलवून मोरीत निघून गेले. हलकं! हे ज्याने लिहिलं त्याने कधी ऐंशी किलोचं माणूस कुशीवर वळवलंय का, असं मनात आलं.

त्या रागाने मला बरेच महिने सोडलं नाही. आणि तो जिथे सुटला ते ठिकाण पप्पांच्याच धंद्यात होतं.

पप्पांचा मंडपाचा धंदा होता. लग्न, साखरपुडा, बारसं, मंडळीचा वार्षिक मेळावा, नाताळचं नाटक, कुणाची वर्षश्राद्धाची पंगत, आणि मयत. आमच्या घरात मांडवाला जात-धर्म नव्हता. हिंदूंच्या घरी मुहूर्तमेढ रोवायला भटजी यायचे, तेव्हा पप्पा चप्पल काढून बाजूला उभे राहायचे आणि विधी आटपला की पहार हातात घ्यायचे. गोडाऊनमध्ये बांबू, वासे, कनाती, ताडपत्र्या, सतरंज्या आणि काथ्याच्या दोरीची वेटोळी. त्या दोरीचा वास मला अजून कुठेही आला तरी मी आठ वर्षांची होते.

मांडव बांधताना पप्पा पोरांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. दोरीचे वेढे आवळून घ्या, एकावर एक, जागा सोडू नका. पण शेवट सुरगाठीने करा. निरगाठ कुणी मारली की ते चिडायचे. "वाऱ्याला धरून ठेवते ती वेढ्यांची ओढ. गाठ फक्त शेवट राखते," असं म्हणायचे. "निरगाठ मारणाऱ्याला वाटतं हा मांडव कायमचा आहे. उद्या सकाळी तोच दोरी कापत बसतो. दोरीही जाते, बांबूही चिरतो." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून गेले आहे. रात्री जो मांडव राजवाड्यासारखा वाटला होता तो तासाभरात उतरायचा. एक टोक ओढलं की गाठ निसटायची, वेढे भराभर सुटायचे, बांबू खाली यायचा. शेवटी जमिनीत राहायची ती खुंटांची भोकं. पप्पा ती पायाने माती सारून बुजवायचे. कुणाचं जनावर पाय मुरगाळून घेईल म्हणून.

उद्या उतरवायचा आहे म्हणून आज ढिला बांधला, असा मांडव पप्पांनी आयुष्यात बांधला नाही. खाली माणसं बसणार आहेत, त्यांच्या डोक्यावर काही येता कामा नये, एवढाच त्यांचा हिशेब. मयताच्या मांडवाचे पैसे त्यांनी कधी कुणाकडून घेतले नाहीत.

आता पौलाकडे येते, बायबलातली ही पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताकडे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की आपलं पृथ्वीवरचं मंडपरूपी गृह मोडलं, तरी देवाने रचलेलं, हातांनी न बांधलेलं असं घर आपल्याला आहे. 'मंडपरूपी गृह' हे शब्द मी शंभर वेळा ऐकले असतील. आमच्याकडे अंत्यविधीला हा उतारा हमखास वाचतात. पण एका रात्री दोन वाजता, पप्पांना कुशीवर वळवून त्यांच्या पाठीशी उशी लावताना, तो शब्द अचानक धंद्याचा शब्द म्हणून कानावर पडला. मंडप. लिहिणाराही त्याच धंद्यातला होता. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला तो समव्यवसायी म्हणून, आणि त्यांचा व्यवसाय राहुट्या करण्याचा होता. दीड वर्ष तो त्या शहरात होता. तो मूळचा तार्सचा, किलिकिया प्रांतातला, आणि तो प्रांत बकरीच्या केसांच्या जाड कापडासाठी प्रसिद्ध होता. तेव्हा या माणसाने कापड हातात धरलेलं आहे. कुठे विरतं, कुठल्या शिवणीला आधी उसवतं, दोन पावसाळ्यांनंतर त्याची काय गत होते, हे त्याला बोटांनी माहीत होतं. शरीराला मंडप म्हणताना तो कवितेतली उपमा शोधत बसला नसणार. पप्पांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

आणि 'हलके' हा शब्द, त्या भगिनीने म्हटलेला, याच पत्राच्या चौथ्या अध्यायातला. तो मी त्याच पत्रात पुढे जाऊन तपासला, खरं तर भांडायलाच गेले होते. अकराव्या अध्यायात पौल आपला हिशेब मांडतो. एकोणचाळीस फटके, पाच वेळा. छड्यांचा मार, तीन वेळा. एकदा दगडमार. तीन वेळा गलबत फुटलं, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात काढला. त्यावर भूक, तहान, थंडी, उघडेपणा, आणि या सगळ्याच्या वर रोजची मंडळ्यांची काळजी. हा माणूस हलकं म्हणतो. ज्याची पाठ सोलून निघाली आहे त्याने स्वतःच्या पाठीबद्दल वापरलेला तो शब्द आहे. दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून वापरायला त्याने तो दिलेला नाही, असं मला ठामपणे वाटतं. त्या भगिनीवर माझा राग आता उरला नाही, पण त्या वापराबद्दलचं मत बदललेलं नाही.

तो हलकं का म्हणतो तेही चौथ्या अध्यायातच आहे. त्याने तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवलंय ते बघावं लागतं: गौरवाचा भार. एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की इब्रीमध्ये गौरवाला 'काबोद' म्हणतात आणि तो शब्द जडपणाच्या धातूवरून आलाय. मी मराठी शिकवते, माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. आपलंही तेच! गुरु म्हणजे जड, आणि गुरुचं भाववाचक नाम गौरव. लघुचं लाघव, गुरुचं गौरव. दर वर्षी वृत्तं शिकवताना फळ्यावर लघू-गुरूची चिन्हं काढते आणि हे कधी मनात आलं नव्हतं. पौल माझ्या दुःखाला क्षुल्लक ठरवत नव्हता. तो म्हणत होता, याहून जड असं काहीतरी खरोखर आहे, आणि ते पारड्यात पडेल तेव्हा हे वर उचललं जाईल. माझं ओझं ऐंशी किलोचंच राहतं. रात्री दोनला ते ऐंशीच भरतं.

आणि दुसरी एक गोष्ट, जी अंत्यविधीच्या वाचनात घाईत निघून जाते. पौल म्हणतो, या मंडपात आपण भाराक्रांत होऊन कण्हतो, पण वस्त्र काढून टाकावं अशी आपली इच्छा नाही, वरून आणखी परिधान करावं अशी आहे. मंडप मोडला की सुटलो, असं तो म्हणत नाही. उघड्यावर राहायची त्याला हौस नाही. आम्ही ख्रिस्ती लोक शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, दर रविवारी विश्वासांगीकारात तसं मोठ्याने म्हणतो. म्हणजे मी ओल्या फडक्याने पुसते ती ही पाठ, बांबू वाहून वाहून एका खांद्याला घट्टा पडलेली, ही देवाने अजून टाकून दिलेली नाही. उद्या तो हिचंच काहीतरी करणार आहे.

हे कळलं म्हणून मी शहाणी झाले असं नाही. गेल्या फेब्रुवारीत एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. मी पप्पांवर ओरडले. "किती वेळा, पप्पा? अजून किती वेळा?" त्यांची जीभ आता नीट वळत नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाले, "माफ कर." माझे वडील, ज्यांनी शब्द पाळण्यासाठी तापात फणफणत रात्रभर मांडव घातलेला मी पाहिलाय, ते माझी माफी मागत होते, त्यांच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. प्रार्थना वगैरे काही सुचलं नाही. आत जाऊन त्यांचा उजवा हात धरला आणि "चुकलं माझं" म्हटलं. त्यांनी बोटं दाबली. एवढंच झालं. पण त्या रात्रीपासून मला वाटू लागलं आहे की अनंतकाळ हा या आयुष्याच्या पलीकडे, फाटक ओलांडल्यावर सुरू होत नसावा. त्या हात धरण्यात त्याचं काहीतरी होतं.

आईच्या वेळचं सांगायला हवं. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली, दुसऱ्या लाटेत. ज्या माणसाने अर्ध्या शहराच्या मयताला मांडव घातला त्याच्या बायकोला शेवटी मांडव नव्हता. कब्रस्तानात मोजकीच माणसं. पाळकसाहेब लांबून प्रार्थना म्हणत होते, मास्कमुळे अर्धे शब्द कळत नव्हते. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. खड्डा खणणारी चार पोरं सकाळपासून एकामागून एक खड्डे घेत होती. पप्पा कधी गेले ते कळलं नाही. आले ते टेम्पोतून, चार बांबू, एक ताडपत्री आणि दोरी घेऊन. कुणाशी काही बोलले नाहीत. खणणाऱ्या पोरांच्या डोक्यावर त्यांनी सावली बांधली. एकट्याने. वेढे आवळले, सुरगाठ मारली, आणि मग आईच्या पेटीजवळ येऊन उभे राहिले. दफन आटपल्यावर पोरांनी विचारलं, काका, हे उतरवायचं का? पप्पा म्हणाले, "राहू दे. आज आणखी येतील."

वर्षभराने त्यांनाच झटका आला.

आई गेली त्या दिवशी पप्पा रडले नव्हते, आणि काही लोकांनी त्याला विश्वासाची साक्ष म्हटलं. मला ते पटलं नाही. नंतर कितीतरी रात्री गोडाऊनमध्ये एकटे बसून ते रडत, मी ऐकलंय. त्यात विश्वासाची उणीव कुठे आली? बेथानीजवळ, मेलेल्या लाजरच्या कबरेकडे जाताना येशू रडला, असं योहान लिहितो. पुढच्या काही क्षणांत लाजर चालत बाहेर येणार आहे हे येशूला माहीत होतं. बाकी कुणाला नाही, पण त्याला माहीत होतं. शेवट ठाऊक असूनही तो लाजरच्या बहिणींना, मार्थेला आणि मरियेला, "डोळे पुसा, पाच मिनिटं थांबा" असं म्हणाला नाही. मरिया रडत होती म्हणून तो रडला. सार्वकालिक दृष्टी कुणाकडे पूर्ण असेल तर ती त्याच्याकडे होती, आणि तिने त्याचे डोळे कोरडे ठेवले नाहीत.

मला अशा वेळी केडगाव आठवतं. दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंचं. कॉलेजात असताना मंडळीच्या तरुण संघाबरोबर मुक्ती मिशन पाहायला गेले होते. रमाबाईंचं आयुष्य नुसतं मोजत गेलं तरी धाप लागते. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला. राहिली एक मुलगी, मनोरमा. संस्थेचं पुढचं सगळं तिच्या भरवशावर. ती १९२१ च्या जुलैत गेली, चाळिशीची. रमाबाईंना त्यानंतर जेमतेम आठ-नऊ महिने मिळाले, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या शेवटच्या काळात त्यांच्या हाती काम होतं बायबलच्या मराठी भाषांतराचं. इब्री आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना वाचून कळेल अशा मराठीत. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुली खिळे जुळवायच्या. एकुलती मुलगी मातीत ठेवून आलेली आई मुद्रितांवर वाकून ऱ्हस्व-दीर्घ बघते आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. वर बघा म्हणणाऱ्यांना मला ते दाखवावंसं वाटतं. ती खाली बघत होती, एका एका अक्षराकडे, कारण ते कुणीतरी वाचणार होतं.

भावाशी माझं काही महिने बोलणं बंद होतं. तो पुण्यात असतो, पैसे पाठवतो, फोन करतो. गोडाऊनची जागा विकायचं त्याच्या मनात होतं आणि माझा जीव तिथे अडकला होता. पप्पांच्या उपचाराला पैसे लागत होते हे मलाही दिसत होतं, तरी मी अडून बसले. त्या बांबूंना, त्या कुबट कनातींना मी निरगाठ मारली होती. शेवटी मीच त्याला फोन केला. जागा गेली. बांबू पप्पांच्या हाताखाली शिकलेल्या एका पोराने घेतले, सतरंज्या मंडळीला दिल्या. काथ्याच्या दोरीचं एक वेटोळं मी ठेवून घेतलं आहे, पलंगाखाली आहे.

नगरच्या माणसाला बायबल वाचताना एक गंमतीचा आनंद मिळतो, तो असा की 'नगर' हा शब्द सारखा भेटतो. इब्री लोकांस पत्रात लिहिलंय, आपल्याला इथे स्थायिक नगर नाही. अब्राहाम डेऱ्यांत राहिला आणि पाये असलेल्या नगराची वाट पाहत राहिला. लहानपणी मला वाटायचं ते आमच्याबद्दलच आहे. १४९० मध्ये निजामशहाने वसवलेलं हे शहर, १८३१ पासून मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांनी भरलेलं, आणि आता २०२४ पासून नव्या नावाचं. पाट्या रंगवल्या गेल्या, शाळेचे शिक्के बदलले, आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो. माझ्या वर्गातली पोरं त्यांच्या म्हातारपणी काय म्हणतील कोण जाणे. एवढं मोठं शहर, किल्ला, तोफा, आणि तेही अखेर बांधलेलंच.

एकदा, पप्पांना अजून स्पष्ट बोलता येत होतं तेव्हा, पाळकसाहेब घरी प्रभुभोजन द्यायला आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, योहानाच्या पहिल्या अध्यायात 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' असं आहे ना, तिथल्या ग्रीक क्रियापदात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. पप्पा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुतार होता तो. त्याला खुंट ठोकता येत असणार."

परवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लग्नाचा मांडव घालत होते. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी वह्या तपासत बसले होते आणि पप्पा डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोपले. बाहेर घणाचे ठोके पडत होते. अचानक त्यांनी उजव्या हाताने पलंगाची दांडी वाजवली. मी जवळ गेले. त्यांनी खिडकीकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा कळलं.

"उथळ चाललाय."

आवाजावरून त्यांनी ओळखलं होतं. खुंट पुरेसा खोल जात नव्हता. मे महिना, वळवाचा भरवसा नाही, आणि कोपऱ्याची ताडपत्री त्याच खुंटाला बांधणार. मी म्हटलं, पप्पा, ते बघतील ना. त्यांनी पुन्हा दांडी वाजवली.

मी साडीचा पदर खोचला आणि अंधारात प्लॉटवर गेले. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता, घामाने निथळत होता. मी म्हटलं, माझे वडील मंडपवाले होते, ते म्हणतात हा खुंट अजून खोल घे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उजेड असलेल्या आमच्या खिडकीकडे पाहिलं. काही न बोलता त्याने घण उचलला. चार-पाच ठोक्यांनंतर आवाज बदलला, भरीव झाला, तो मलासुद्धा ऐकू आला.

घरी परत आले तर पप्पांचे डोळे मिटलेले होते. दोनला अजून वेळ होता. मी राहिलेल्या वह्या पुढे ओढल्या.